उंब्रजचा कौल, मसूरची मोळी

उंब्रज, मसूर, नागठाणे, पुसेसावळी. सातारा जिल्ह्यातला कराड उत्तर हा विधानसभा मतदारसंघ चार तालुक्यांचे तुकडे जोडून बनला आहे. 1999 पासून सलग पाच वेळा इथे बाळासाहेब पाटील निवडून आले. 2009 मध्ये तर अपक्ष म्हणून. चिन्हापेक्षा पाटलांचे घराणे आणि त्यांच्या हातातला ‘सह्याद्री’ साखर कारखाना मोठा, हाच इथला हिशेब होता.

तो 2024 मध्ये मोडला. भाजपचे मनोज घोरपडे 43 हजारांहून अधिक मतांनी जिंकले. राज्यात भाजपची लाट होतीच. पण 2019 मध्ये अपक्ष घोरपडे आणि शिवसेनेचे धैर्यशील कदम यांच्यात फुटलेली विरोधी मते या वेळी एका झेंड्याखाली आली, हेही विसरता येत नाही.

गंमत पुढेच आहे. एप्रिल 2025 मध्ये ‘सह्याद्री’च्या सभासदांनी कारखाना पुन्हा पाटलांच्याच हाती दिला. सभासद म्हणजे सगळा मतदार नव्हे, हे खरे. तरीही उसाचे मत आणि आमदारकीचे मत इथला शेतकरी आता वेगवेगळे तोलतो.

म्हणूनच आता उंब्रजचा महामार्गावरचा खांबांचा उड्डाणपूल आणि हणबरवाडी-धनगरवाडी योजनेचे पाणी, या दोन कामांचा हिशेब मतदारांनी आजी-माजी आमदारांकडे मागावा.