'सपोर्ट' नावाची पळवाट

सरकारी कचेरीत वीस वर्षं काढली की माणसाला एक गोष्ट नक्की येते. कागदावरचा कुठला शब्द काम करतो आणि कुठला नुसता खुर्ची उबवतो, हे लांबूनच कळायला लागतं. 'नियमानुसार उचित कार्यवाही करण्यात येईल' हे वाक्य मी स्वतः किती पत्रांत लिहिलं असेल याची मोजदाद नाही. काय होणार, कोण करणार, कधी करणार, यातलं काहीच त्यात नाही. म्हणूनच ते वाक्य कधी खोटंही ठरत नाही!

आज अशाच एका शब्दाविषयी लिहायचं आहे. शब्द आहे 'सपोर्ट'. हल्ली कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या पावडरींच्या आणि थेंबांच्या डब्यांवर तो दिसतो. 'थायरॉइड सपोर्ट', 'ॲड्रिनल सपोर्ट', 'ग्रंथींसाठी शंभर टक्के नैसर्गिक आधार', बाजूला हिरवं पान आणि एक हसरं लॅब्रॅडॉर. असा एक डबा मी विकत घेतला होता आणि गोव्यातून थेट आदिलाबादला नेला होता. म्हणून या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे, आणि बरीचशी लाजही.

झालं असं. दत्तजयंतीला आम्ही माहूरला गेलो होतो. साखळीच्या दत्ताला जाणारी आमची मंडळी, माहूरचं शिखर एकदा बघायचं हे आईचं जुनं बोलणं होतं. तिथून किनवटमार्गे आदिलाबाद जवळच, आणि त्या जिल्ह्यात बेल्याच्या बाजूला माझी मावसबहीण राहते. पैनगंगेच्या अलीकडचा हा मुलूख २०१४ पासून तेलंगणात आहे, त्याआधी आंध्रात होता, त्याआधी हैदराबाद संस्थानात. दुकानांवरच्या पाट्या तेलुगू, पण घराघरांत आणि कापसाच्या गाड्यांवर मराठी. आपल्या गोव्यातल्या मराठी माणसाला तिथे फार परकं वाटत नाही.

ताईकडे मोती नावाचा कुत्रा आहे. गावठीच, पण घरात वाढलेला. वर्षभरापासून त्याचं पोट घागरीसारखं सुटलेलं, पाठीवरचे केस गेलेले, कातडी कागदासारखी पातळ. बादलीभर पाणी प्यायचा आणि रात्रीतून चार वेळा बाहेर जायचा. भाऊजींनी मोबाईलवर वाचून निदान केलं होतं, 'ग्रंथीचा आजार'. मला फोनवर सांगितलं. मी ताबडतोब डबा घेतला. शिकलेला भाऊ ना मी!

डबा पोचला त्याच दिवशी भाऊजींनी मोतीच्या आधीच्या गोळ्या बंद केल्या. "आता हे नॅचरल आलं ना जी, कडक गोळ्या काऊन द्यायच्या?" मला ते पटलं. मीच मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी मोतीने खाणं सोडलं. मग ओकाऱ्या. चौथ्या दिवशी सकाळी, आदिलाबादच्या त्या बोचऱ्या थंडीत, तो लिंबाच्या झाडाखाली आडवा पडला होता आणि हाक मारली तरी फक्त शेपटीचं टोक हलवत होता. पोत्यावर घालून त्याला शहरात डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आधी कसल्या गोळ्या चालू होत्या?" भाऊजींनी खिशातून पाकीट काढलं. स्टेरॉइड. खाजेसाठी कुणीतरी दोन वर्षांपूर्वी इंजेक्शन दिलेलं, मग महिन्याला एक, मग रोजची गोळी. खाज थांबत होती म्हणून कुणीच काही विचारलं नाही.

डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि पुन्हा स्टेरॉइडच दिलं. आम्ही चकित! तेव्हा त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो.

मूत्रपिंडाच्या वर दोन लहान ग्रंथी असतात, अधिवृक्क किंवा ॲड्रिनल. त्या कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक बनवतात. ताण आला, आजार आला, उपास पडला की शरीर त्यावर तगतं. कॉर्टिसॉल फार झालं की मोतीसारखी अवस्था होते: पोट, पाणी, भूक, केस जाणं. याला कुशिंगचा आजार म्हणतात. बहुतेक कुत्र्यांत मूळ असतं मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतल्या लहानशा गाठीत, काहींत ॲड्रिनलमधल्याच गाठीत. पण तिसरंही एक कारण आहे, आणि ते आपणच घडवतो. बाहेरून सतत स्टेरॉइड दिलं की शरीराला वाटतं माल भरपूर आहे, आणि ॲड्रिनल ग्रंथी काम बंद करून झोपी जाते. अशा वेळी गोळी एकदम बंद केली तर बाहेरचंही नाही आणि घरचंही नाही. जनावर कोसळतं. ती गोळी आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी उतरवत न्यावी लागते, तेवढ्यात ग्रंथी हळूहळू जागी होते.

म्हणजे मोतीला ना नैसर्गिक पावडर हवी होती, ना अनैसर्गिक. त्याला हवं होतं निदान. सुमारे २०० किलोमीटरवरच्या नागपूरला नेऊन रक्त तपासल्यावर ते पक्कं झालं. आणि माझ्या डब्यावर यातलं काय लिहिलं होतं? 'ॲड्रिनल आरोग्यास सपोर्ट.' कुठल्या आरोग्यास? ग्रंथी जास्त काम करते म्हणून, की कमी करते म्हणून? कुशिंगमध्ये कॉर्टिसॉल जास्त. ॲडिसनच्या आजारात तेच कमी, मिठाचं गणित बिघडतं, पोटॅशियम चढतं आणि कुत्रा अचानक दगावू शकतो. दोन्ही रोग एकमेकांच्या उलट, आणि डबा एकच! हे म्हणजे पूर आणि दुष्काळ या दोन्हींसाठी एकच परिपत्रक काढण्यासारखं झालं.

थायरॉइडचंही तेच. आपल्याकडे पणजी-म्हापशाच्या फ्लॅटांतून असे कुत्रे मी पाहिलेत. कमी खाऊनही फुगलेले, शेपटीवरचे केस गेलेले, दिवसभर उन्हाच्या तुकड्यात पडून. मालक कौतुकाने सांगतो, "सुखावलाय!" तो सुखावलेला नसतो, त्याची अवटू ग्रंथी संपत आलेली असू शकते. कुत्र्यांत बहुधा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच ती ग्रंथी पोखरते, किंवा ती आपोआप झिजते. पोखरलेल्या ग्रंथीला कुठली मुळी आणि कुठलं चूर्ण आधार देणार? जिथे भिंतच नाही तिथे टेकू कशाला लावायचा? तिथे थायरॉक्सिन बाहेरून द्यावं लागतं, रोज, जन्मभर.

आता 'नैसर्गिक' या शब्दाकडे येतो. १८९१ साली इंग्लंडात जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरने थायरॉइड निकामी झालेल्या एका बाईंना मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. त्या बाई पुढे २८ वर्षं जगल्या. म्हणजे या उपचाराची सुरुवातच किती नैसर्गिक होती पाहा. पुढे तोच पदार्थ शुद्ध करून, मापून, गोळीत घातला. गोळीतलं थायरॉक्सिन आणि शरीरातलं थायरॉक्सिन यांत फरक नाही. मग अनैसर्गिक काय? मोजमाप? आणि हेही विसरू नये की ग्रंथींचं हे ज्ञान आपल्याला कुत्र्यांनीच दिलं. १८८९ मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं तेव्हा मधुमेहाचं मूळ कळलं. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्सुलिन हाती आणलं. ज्यांच्या जिवावर आपल्या घरातले मधुमेही जगतात, त्यांच्याच वाट्याला आपण न तपासलेली पावडर देतो.

बरं, पावडर निदान निरुपद्रवी तरी असावी! जेष्ठमध घ्या. आपण खोकल्याला चघळतो. त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरात कॉर्टिसॉल निकामी होण्याची क्रियाच अडवतं, रक्तदाब वाढवतं, पोटॅशियम उतरवतं. कुशिंगच्या कुत्र्याला ते देणं म्हणजे आगीत तेल. समुद्री शेवाळाच्या पावडरीत आयोडीन किती हे सांगता येत नाही, आणि अति आयोडीन थायरॉइडचं कामच बिघडवतं. अश्वगंधेने थायरॉइडचं संप्रेरक वाढल्याचं माणसांवरच्या काही अभ्यासांत दिसलंय, म्हणजे चालू गोळीचं माप चुकणार. आणि घरगुती नुस्ख्यांत हटकून असणारी लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडते. परिणाम करणारी वस्तू अपायही करू शकते. अपाय मुळीच नाही असं सांगणारा एक तर परिणाम नसलेली वस्तू विकतो, नाही तर खोटं बोलतो.

काही वाचक म्हणतील, 'तुम्ही आयुर्वेदाच्या विरोधात!' मुळीच नाही. शालिहोत्रांनी घोड्यांचं आणि पालकाप्यांनी हत्तींचं वैद्यक सांगितलं, ती परंपरा आपली आहे. पण ती रोगी पाहून उपचार करणाऱ्यांची परंपरा आहे. डबा विकणाऱ्याने मोतीला पाहिलंच नव्हतं. त्याला आयुर्वेद म्हणणं हा आयुर्वेदाचा अपमान आहे.

कारकून असल्यामुळे मी कायदाही काढून वाचला. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४. त्यात औषधाच्या व्याख्येत माणसांबरोबर जनावरंही आहेत. ठरावीक रोग बरे करण्याची जाहिरात करायची नाही, आणि त्या यादीत मधुमेह आहे. मग लक्षात आलं की डब्यावर 'बरा होतो' हा शब्द का नसतो. तिथे असतो 'सपोर्ट'. विकणारा कायद्यातून सुटतो, आपण मात्र त्याचा अर्थ 'बरा होतो' असाच लावतो. माझ्या 'उचित कार्यवाही'चाच हा धाकटा भाऊ!

माणसाने स्वतःवर काय प्रयोग करायचे ते करावेत. पथ्य, उपास, चूर्ण, त्याचा तो मुखत्यार. पण कुत्र्याला 'मला बरं वाटत नाही, हे थांबवा' असं सांगता येत नाही. त्याच्यासाठी आपण सही करतो. दुसऱ्याच्या वतीने सही करताना कागद वाचावा, एवढं तरी आम्ही कचेरीत शिकलोय. रेबीजच्या बाबतीत हे आपण गोवेकरांनी करून दाखवलं आहे. २०२१ मध्ये आपल्या मुख्यमंत्र्यांनी गोवा रेबीजमुक्त झाल्याचं जाहीर केलं, त्यामागे वाड्यावाड्यांवर फिरून सुण्यांना टोचलेली लस होती. गळ्यातला ताईत नव्हता.

मग नैसर्गिक आधार नाहीच का? आहे. गोळी रोज ठरल्या वेळी देणं. डॉक्टरांना न विचारता ती बंद न करणं. जेवण मापून घालणं, लाडाचे तळलेले तुकडे थांबवणं. पाणी किती पितो ते भांडं मोजून वहीत लिहिणं. महिन्याला वजन, सांगितलेल्या तारखेला रक्त. कुशिंगचा कुत्रा पाणी पितो म्हणून त्याच्यापुढचं भांडं न उचलणं, आणि रात्री चौथ्यांदा दार उघडताना न ओरडणं. हा आधार डब्यात मिळत नाही, माणसाला द्यावा लागतो. थायरॉइडची गोळी तर माणसांच्याच औषधांच्या दुकानात मिळते आणि महागही नाही. फक्त कुत्र्याचं माप वेगळं असतं, म्हणून ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

मोती आता बरा आहे. चार महिन्यांत गोळी उतरली, पोट ओसरलं, पाठीवर केस आले. खाज गोचिडांमुळे होती, एवढंच निघालं! ताईने वहीत रोज लिहिलं, तारीख आणि वेळ घालून. आमच्या खात्यात अशी नोंद ठेवणारी माणसं कमी आहेत.

माहूरला दत्ताच्या पायाशी बसलेल्या चार कुत्र्यांना मी मनोभावे हात जोडले होते, आणि त्याच प्रवासात माझ्या पिशवीत तो डबा होता. तो मी परत आणलाय. कचेरीच्या टेबलावर ठेवलाय, पेनं ठेवायला. 'उचित कार्यवाही' लिहायला पेन उचललं की 'सपोर्ट' समोर दिसतं. असो.