चिठ्ठी नसलेली पिशवी

सुरुवातीलाच एक खुलासा. पुण्यात कोणाला सांगितलं की माझं आजोळ रामवाडीला आहे, तर लोकांना वनाझहून सुटणारी मेट्रो आठवते. ती नव्हे हो. माझ्या मामाची रामवाडी पेणची, मुंबई-गोवा हायवेवरची, जिथे कोकणात जाणाऱ्या एसट्या थांबतात. नाव एकच, गावं दोन. चुकीच्या रामवाडीला उतरलात तर पोह्याचे पापड मिळणार नाहीत :-) हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मामा एसटीत कंडक्टर होता. गेल्या वर्षी त्याचा खोकला हटेना म्हणून सीटी स्कॅन केला, तर उजव्या फुप्फुसात साधारण दोन सेंटिमीटरची गाठ. डॉक्टर म्हणाले, सुई घालून तुकडा काढून तपासू. मामाने साफ नकार दिला. ‘सुई लावली की पसरतो’ हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तेवढ्यात कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की आता नुसत्या रक्तातून कॅन्सर कळतो. झालं. पाच आकडी बिल भरून रक्त दिलं. रिपोर्ट आला, ‘आढळले नाही’. मामाचा लगेच मला फोन.

"काय रे, तू कॉम्प्युटरवाला. नाही म्हणजे नाहीच ना?"

दिवसभर लॉग वाचून पोट भरणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. लॉगमध्ये एरर दिसली नाही, ह्याचे दोन अर्थ होतात. एक, एरर आलीच नाही. दोन, ती लिहिणारी ओळच कोडमध्ये नाही. ह्यातलं कुठलं खरं, ते लॉग सांगत नाही. त्या शनिवार-रविवारी मी जमेल तेवढं वाचून काढलं, आणि तेव्हापासून एक मत बनलंय. तेच आज मांडतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. रक्तात पेशींच्या बाहेर डीएनए सापडतो हे १९४८ मध्ये फ्रान्समध्ये मांडेल आणि मेते ह्यांनी दाखवलं. मामाची चाचणी ह्या मोकळ्या डीएनएची होती. पण पेशी आणखी एक उद्योग करतात. त्या बारीक पुड्या बांधून बाहेर सोडतात. पुस्तकी मराठीत ‘पेशीबाह्य पुटिका’, आपण पुड्याच म्हणू. त्यातल्या लहान पुड्या ३० ते १५० नॅनोमीटरच्या, म्हणजे केसाच्या जाडीत शेकड्यांनी बसतील अशा. रक्त, लघवी, लाळ, आईचं दूध, मणक्यातलं पाणी, सगळीकडे त्या असतात. १९८३ मध्ये दोन प्रयोगशाळांना त्या कोवळ्या लाल रक्तपेशींतून बाहेर पडताना दिसल्या, तेव्हा वाटलं होतं की पेशी आपला कचरा टाकतेय. पुढे कळलं की पुडीत प्रथिनं असतात, आरएनए असतो, आणि काहींच्या मते डीएनएसुद्धा. कुठल्या पेशीने काय पाठवलं हे पुडी उघडून कळलं, तर सुई न लावता आतल्या गाठीची खबर मिळेल, ही सगळ्यांची आशा.

त्यासाठी आधी यादी हवी. कोणत्या द्रवातल्या कोणत्या पुडीत काय सापडतं, ह्याची. अशी एक मोठी सार्वजनिक यादी आहे, व्हेसिक्लपीडिया. २०२४ च्या आवृत्तीत तिच्यात प्रथिनांच्या नोंदी ५,६६,९११ आणि आरएनएच्या ५०,५५० होत्या. आणि डीएनएच्या? १६७. शून्यं गाळलेली नाहीत, एकशे सदुसष्टच.

मला आधी वाटलं, असेल, काम नवीन आहे, वाढेल. पण खरी अडचण आकड्याची नाहीच. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या लायडन ह्यांच्या गटाने लिहिलं की कॅन्सरच्या पेशींतून निघालेल्या एक्झोसोममध्ये दुपदरी डीएनए असतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्याच कॉफी ह्यांच्या गटाने पुड्या जास्त काटेकोरपणे वेगळ्या केल्या आणि सांगितलं, लहान पुड्यांत तो नाही, तो वेगळ्या वाटेने बाहेर पडतो. दोन्ही काम नामांकित नियतकालिकांत आलेलं. आता सांगा, यादीत काय लिहायचं? ‘आहे’ की ‘नाही’?

त्यात नावांचा घोळ. ‘एक्झोसोम’ हे नाव ह्या पुड्यांना १९८७ मध्ये रोज जॉनस्टन ह्यांनी वापरलं. १९९७ मध्ये दुसऱ्याच एका गोष्टीला, आरएनए कुरतडणाऱ्या प्रथिनांच्या टोळक्याला, तेच नाव मिळालं. दोन्ही आजही चालू आहेत. आली ना रामवाडी? नुसत्या नावाने शोधलंत की चुकीच्या स्टँडवर उतरलात.

म्हणून माझं म्हणणं असं की, ह्या यादीत ‘काय सापडलं’ हा कॉलम सगळ्यात शेवटी यावा. आधी चार कॉलम सक्तीचे करा. पहिला, डीएनए पुडीच्या आत होता, बाहेरून चिकटलेला होता, की शेजारी मोकळा तरंगत होता. बाहेरचा डीएनए खाऊन टाकणारं एन्झाइम आधी घातलं होतं की नाही, ह्यावर हे बरंचसं ठरतं. दुसरा, पुड्या वेगळ्या कशा केल्या. तिसरा, नमुना कसा घेतला आणि किती वेळ पडून राहिला. चौथा, माणूस कोण होता, म्हणजे नाव नव्हे, वय, आजार, कुठला.

पहिला कॉलम किती महत्त्वाचा आहे हे बघायला परदेशात जायला नको. आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक आहे. तिथले डॉ. इंद्रनील मित्रा वर्षानुवर्षं ह्याच बाहेर पडलेल्या डीएनएच्या मागे आहेत, पण पुडीतल्या नव्हे, मेलेल्या पेशींतून निघालेल्या उघड्या तुकड्यांच्या. २०१५ मध्ये त्यांच्या गटाने मांडलं की रक्तातले हे तुकडे धडधाकट पेशींत शिरून त्यांच्या डीएनएला इजा करतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘१०० रुपयांची कॅन्सरची गोळी’ म्हणून जी बातमी फिरली, तिच्या मुळाशी हेच काम. गोळीचं खरं-खोटं मोठ्या चाचण्याच ठरवतील. माझा मुद्दा एवढाच की उघडा तुकडा आणि पुडीतला तुकडा ह्यांचं काम वेगळं असू शकतं. यादीने दोघांना एकाच ओळीत टाकलं तर त्या यादीवर बांधलेली चाचणीही गोंधळणारच.

तिसरा कॉलम कोकणातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. नळीत घेतलेलं रक्त वेळेत फिरवून प्लाझ्मा वेगळा केला नाही, तर पांढऱ्या पेशी नळीतच फुटतात आणि त्यांचा डीएनए सगळीकडे पसरतो. आता असा नमुना पेणहून मुंबईला निघालाय अशी कल्पना करा. मे महिना, आणि २०११ पासून रुंदीकरण चाललेला तो हायवे. मुक्कामी पोचेपर्यंत नळीत जे काही आहे ते मामाच्या फुप्फुसाचं की ट्रॅफिक जॅमचं? :-)

आणि चौथा. डॉक्टरांनी आणि मी मिळून मामाला शेवटी तयार केलं. सुई लागली. गाठ कॅन्सरची नव्हतीच, टीबीची होती. सहा महिने गोळ्या झाल्या, आता मामा ठणठणीत आहे. म्हणजे गंमत बघा, रिपोर्ट बरोबरच निघाला. पण आमचा त्याच्यावरचा विश्वास चुकीचा होता. लहान गाठ रक्तात फार थोडा डीएनए सोडते, त्यामुळे कॅन्सर असता तरी ‘आढळले नाही’ येऊ शकलं असतं. आणि त्या कागदावर आम्ही थांबलो असतो तर टीबी तसाच वाढत राहिला असता, घरातल्या नातवंडांसकट.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के भारतीयांत टीबीचा संसर्ग आढळला. बहुतेकांना आजार नसतो, पण जंतू आत झोपलेला. ज्या देशांत टीबी जवळपास दिसत नाही तिथल्या लोकांच्या रक्तावरून ‘निरोगी माणसाच्या पुड्या’ ठरवल्या, तर त्या मापात माझा मामा कसा बसणार? आपल्याकडची निरोगी माणसं, टीबीची माणसं, पेण-रोह्याची, मेळघाटाची, ह्या यादीत यायलाच हवीत.

तुम्ही म्हणाल, एवढ्या अटी घातल्या तर यादी वाढणारच नाही. पटतं. ह्या क्षेत्राने २०१४, २०१८ आणि २०२३ ह्या वर्षांच्या नावाने स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण ती शेवटी सल्ल्याच्या स्वरूपात. मी म्हणतो, अपुरी नोंद फेकू नका. फक्त रिकामा कॉलम ‘माहीत नाही’ असा ठळक दाखवा. आमच्याकडे नलला शून्य समजून बिलं चुकतात. इथे माणसं चुकतील.

आणि हो, रक्त देणाऱ्याला विचारूनच. डीएनएचा क्रम म्हणजे नाव खोडलं की निनावी होणारी गोष्ट नव्हे. २०१३ मध्येच अमेरिकेत, नाव नसलेल्या जनुकीय माहितीवरून काही पुरुषांची आडनावं इंटरनेटवर शोधून दाखवली गेली होती. तेव्हा यादी सगळ्यांना खुली, पण कच्चा डीएनए कुलपात, एवढं तरी हवंच.

गणपतीत रामवाडीला गेलो होतो तेव्हा मामाला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "लोक एसटीत पिशव्या द्यायचे ना, पापड, लोणची, कागदपत्रं. कोणी दिली, कुठे उतरवायची, आत काय, अशी चिठ्ठी नसेल तर मी गाडीत घेत नसे."

"आणि तरी कोणी ठेवलीच तर?"

"तर ती माझ्या सीटखाली. उघडायची नाही, आणि कोणाला द्यायचीही नाही."

व्हेसिक्लपीडियावाल्यांना हे कळवायला हवं. असो.