दोन दारखांब आणि एक धावपट्टी

बंगळूरच्या पूर्वेकडील एका रस्त्यास आजही ‘ओल्ड एअरपोर्ट रोड’ म्हणतात. मे २००८ मध्ये प्रवासी विमाने देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळावर गेली; जुन्याचे नाव तेवढे रस्त्यास चिकटून राहिले. तेथील धावपट्टी मुळात प्रवाशांसाठी नव्हे, तर युद्धाच्या धामधुमीत एका विमान-कारखान्यासाठी तयार झाली, हे फारच थोड्यांच्या स्मरणात उरले आहे.

सोलापूरचे सुपुत्र शेठ वालचंद हिराचंद यांनी २३ डिसेंबर १९४० रोजी येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ही कंपनी स्थापन केली. विमाने आपल्याच देशात बनावीत, ही त्यांची जिद्द. म्हैसूर संस्थानाने जागा दिली आणि २५ लाख रुपयेही घातले. १९४१ मध्येच पहिले शिकाऊ विमान तयार झाले. परंतु जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरले आणि सारेच पालटले. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन वायुदलाच्या हाती गेला. नवी विमाने बांधण्याचे काम मागे पडले आणि विमानांची दुरुस्ती हेच मुख्य कार्य होऊन बसले.

याच रस्त्याच्या पश्चिम टोकाकडे डोमलूर येथे चोक्कनाथस्वामींचे प्राचीन मंदिर आहे. या भागावर चोळांचा व पुढे होयसळांचा अंमल होता, म्हणून तेथील जुने शिलालेख तमिळ भाषेत आहेत. १२७० सालचा एक लेख सांगतो, की अळगियार नामक दात्याने दोन दारखांब अर्पण केले. दुसऱ्या लेखात तलैक्काट्टु व त्याची पत्नी यांनी देवास जमीन दिल्याची नोंद आहे. दान लहान असो वा मोठे, देणाऱ्याचे नाव दगडाने साडेसातशे वर्षे सांभाळले!

कारखान्याच्या संग्रहालयात आज जुनी विमाने पाहावयास मिळतात. परंतु युद्धकाळात ज्यांनी विमाने उघडली, जोडली आणि पुन्हा उडण्याजोगी केली, त्या कारागिरांच्या आठवणी अजून कोणाच्या तरी घरी, जुन्या ट्रंकेतील छायाचित्रांत असतील.

आपल्याही घरातील कोणी त्या काळी कारखान्यात, गोदीत किंवा छावणीत राबले असेल. त्यांचे नाव, गाव, काम आणि वर्ष एका वहीत लिहून ठेवा. मुलांना तो मजकूर वाचून दाखवा. शिलालेख कोरविणे सर्वांना साधत नाही. चार ओळी लिहिणे मात्र प्रत्येक घरास साधेल.