गोळ्यांची सवय आणि बहिरेपण

बाजाराच्या दिवशी कोणत्याही मेडिकल दुकानासमोर दहा मिनिटे उभे राहून पाहा. कोणी कंबरदुखीच्या चार गोळ्या मागतो, कोणी ‘मागच्या वेळची तीच द्या’ म्हणतो, कोणी पोराचा कान वाहतो म्हणून थेंबांची बाटली घेऊन जातो. डॉक्टरांची चिठ्ठी क्वचितच कोणाच्या हातात दिसते. गोळी घेतली की दुखणे थांबते, माणूस कामाला लागतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच दुकानात येतो. असे वर्षानुवर्षे चालते. या सवयीने पोट बिघडते, मूत्रपिंडावर ताण येतो, हे आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. परंतु तिचा कानाशीही संबंध असू शकतो, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते.

हा संबंध समजण्यासाठी आधी कानाकडे वळू. पडद्याच्या पलीकडे, हाडाच्या आत, गोगलगायीच्या शंखासारखा एक छोटा अवयव असतो. त्यात प्रत्येक कानाला सुमारे १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात. बाहेरून आलेल्या ध्वनीचे मेंदूला कळेल अशा संदेशात रूपांतर करणे हे त्यांचे काम. कातडीवरची जखम भरून येते, मोडलेले हाड सांधते. पण माणसाच्या कानातील केशपेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. म्हणून या पेशींना इजा करणारे औषध जपूनच वापरायला हवे.

अशी औषधे थोडीथोडकी नाहीत. सर्वांत जुना अनुभव स्ट्रेप्टोमायसिनचा. १९४३ साली शोध लागलेल्या या औषधाने क्षयरोगाच्या असंख्य रुग्णांना जीवदान दिले. पण थोड्याच वर्षांत डॉक्टरांच्या लक्षात आले की, काही रुग्णांना चक्कर येते, तोल जातो, ऐकू कमी येते. जेंटामायसिन, अमिकासिन, कानामायसिन ही त्याच कुळातली इंजेक्शने. ती रक्तातून अंतर्कर्णात उतरतात आणि तेथे बराच काळ रेंगाळतात. त्यामुळे कधीकधी औषध थांबवल्यावरही काही आठवड्यांनी ऐकणे कमी होऊ लागते. मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा लघवी होण्याचे काही विशिष्ट औषध सोबत चालू असेल, तर धोका वाढतो. काही घराण्यांत आईकडून येणाऱ्या एका आनुवंशिक दोषामुळे थोड्या डोसांनीही बहिरेपण येते. म्हणूनच ‘आमच्या आईला, मामाला इंजेक्शनानंतर ऐकू येईनासे झाले होते’ ही माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

दुसरा गट वेदनाशामक गोळ्यांचा. अ‍ॅस्पिरिन मोठ्या मात्रेत घेतल्यास कानात शीळ वाजू लागते आणि ऐकू कमी येते, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. मलेरियावरच्या क्विनाइनचेही तसेच. बहुधा औषध बंद केले की हा त्रास ओसरतो. परंतु रोजच्या साध्या गोळ्यांचे काय? अमेरिकेत सुमारे २७ हजार पुरुषांची १८ वर्षे पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून दोन किंवा अधिक वेळा वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये बहिरेपण अधिक आढळले. पन्नाशीच्या आतल्या पुरुषांत तर पॅरासिटामॉल नियमित घेणाऱ्यांत ते जवळजवळ दुप्पट होते. अशा पाहणीने गोळीच कारण असे सिद्ध होत नाही, हे मान्य. पण ज्या गोळ्या आपण शेंगदाण्यासारख्या तोंडात टाकतो, त्यांच्याबाबत सावध व्हायला एवढे पुरेसे आहे.

तिसरा गट नशेचा. अफूच्या कुळातील वेदनाशामके आणि हेरॉइन यांच्या अतिसेवनानंतर अचानक बहिरेपण आल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी २००० साली अशा १२ रुग्णांची हकिकत नोंदवली. हायड्रोकोडोन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळ्यांचा अतिरेक केल्याने त्यांची श्रवणशक्ती झपाट्याने गेली होती. काहींना शस्त्रक्रियेने कॉक्लिअर इम्प्लांट बसवल्यावरच पुन्हा ऐकू येऊ लागले. आपल्याकडे ट्रॅमाडॉलच्या गोळ्यांचा गैरवापर एवढा वाढला की, २०१८ साली हे औषध अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणावे लागले. रंगाचे थिनर हुंगणाऱ्या पोरांच्या पालकांनीही हे ध्यानात ठेवावे की, त्यातले टोल्युइन हे द्रव्य मेंदूप्रमाणेच कानालाही घातक आहे.

या बहिरेपणाची मेख अशी की, ते बहुधा चोरपावलांनी येते. आधी बारीक, उंच स्वर जातात. पाखरांची किलबिल ऐकू येत नाही, लहान मुलांचे बोलणे कळत नाही, ‘साठ’ म्हटलेले ‘आठ’ ऐकू येते. माणूस म्हणतो, ‘लोकच हल्ली पुटपुटतात.’ घरचे म्हणतात, ‘यांचे लक्षच नसते.’ कोणाला नुसती कानात गुणगुण सुरू होते. कोणाचा तोल अंधारात जातो आणि गावात मात्र वेगळीच कुजबुज होते. मग तो माणूस चारचौघांत बसणे टाळतो.

माझे स्पष्ट मत असे की, याचा सगळा दोष रुग्णाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. एक दिवस दवाखान्याच्या रांगेत घालवला तर ज्याची मजुरी बुडते, तो माणूस दुकानातली गोळीच घेणार. ‘एक सुई मारा, म्हणजे लगेच बरे वाटेल’ असा आग्रह रुग्ण धरतो हे खरे. पण तो आग्रह मोडून काढणे हे डॉक्टरांचे काम आहे. जेंटामायसिन आणि डायक्लोफिनॅकसारखी औषधे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा कायदा आहे; तो पाळणे हे दुकानदाराचे काम आहे. आणि कानाला अपाय करू शकणारे इंजेक्शन बरेच दिवस द्यावे लागणार असेल, तर सुरू करण्यापूर्वी आणि मधूनमधून श्रवणचाचणी करणे हा रुग्णाचा हक्क मानला गेला पाहिजे. ही चाचणी दुखत नाही, तिला फारसा वेळही लागत नाही.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. हे वाचून कोणीही चालू असलेले औषध मनाने बंद करू नये. हृदयरोग्याची अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी वेगळी आणि तिचा अतिरेक वेगळा. क्षयरोगाचा उपचार अर्धवट सोडणे तर जिवावर बेतते. शिवाय औषधप्रतिकारी क्षयरोगासाठी कानामायसिन वापरू नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली केली आणि आता बहुतेक रुग्णांना तोंडाने घ्यायच्या गोळ्याच दिल्या जातात. तसेच प्रत्येक बहिरेपण औषधाने येते असेही नाही. वय, कर्कश आवाज, कानातला मळ, वाहणारा कान ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. म्हणून आधी तपासणी हवी.

वाचकांनी एवढे करावे. वेदनाशामक गोळी लागोपाठ तीन-चार दिवसांपेक्षा अधिक लागत असेल, तर दुखण्याचे मूळ शोधावे. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. पडद्याला भोक असेल तर काही थेंब अंतर्कर्णाला अपाय करू शकतात. म्हणून वाहत्या कानात तपासणीशिवाय कोणतेही थेंब घालू नयेत. औषध चालू असताना कान वाजू लागला, तोल गेला किंवा ऐकू कमी आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर एकदोन दिवसांतच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पोहोचावे. उशीर झाला की उपचाराचा उपयोग कमी होतो. आणि नशेची सवय असेल, तर लाज न बाळगता तीही सांगावी. डॉक्टर पोलीस नव्हेत.

गेलेली केशपेशी परत आणण्याचे औषध आज कोणाकडेही नाही. म्हणून पुढच्या वेळी दुकानात ‘तीच गोळी द्या’ म्हणण्यापूर्वी ती गोळी आपण किती वर्षे घेत आहोत आणि कोणाच्या सांगण्यावरून, एवढे स्वतःलाच विचारून पाहावे.