एक जोड, दोन कामं



गेल्या पंधरवड्याच्या टपालात एका ताईंचं पत्र आहे. नाव-गाव छापू नका असं त्यांनी बजावलंय, तेव्हा दोन्ही इथे देत नाही. घरी तीन एकर जिरायत आणि दोन म्हशी. थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी, दोघंही पोलीस भरतीची तयारी करताहेत. मुलगा पहाटे पळतो आणि संध्याकाळी तालुक्याच्या जिममध्ये वजनं उचलतो. मुलगी फक्त पळते, तेही भावाचे जुने झालेले बूट घालून. चवड्याकडे कापडाचा बोळा कोंबते, म्हणजे बूट निसटत नाहीत. आता दुधाचे पैसे हाती आलेत. मुलगा म्हणतो, मला पळायला आणि वजनाला, दोन्हीला चालतील असे एकच भारी बूट घ्या, माझे आत्ताचे हिला होतील. ताई विचारतात, असे बूट मिळतात का आणि कोणते घ्यावेत? मग पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य आहे : मुलीच्या नडग्या महिनाभर दुखतात, रात्री तेल लावून देते.

ताई, तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. बुटांचा हिशेब तिथूनच मांडू या.

2024 साली जी पोलीस शिपाई भरती झाली, तीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळायचं होतं. शिवाय दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. 800 मीटर म्हणजे तीनेक मिनिटांचा खेळ. पण त्या तीन मिनिटांसाठी पोरगी रोज तीन-चार किलोमीटर पळते. एक पाऊल साधारण मीटरभराचं धरा, म्हणजे रोजची तीन-चार हजार पावलं झाली. पळताना दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले असतात आणि अंगाचा सगळा भार एका पायावर उतरतो. नुसता उतरत नाही, दुपटी-तिपटीनं आदळतो. पन्नास किलो वजनाच्या मुलीच्या एका पायावर दर पावलाला एक ते दीड क्विंटलचा दाब येतो. डांबरी सडकेवर तर खालून काहीच लवत नाही.

हा दाब थोडा हळुवार व्हावा म्हणून पळायच्या बुटाच्या तळात मऊ थर घातलेला असतो. बाजूनं पाहिलं तर पांढरा, फुगीर दिसतो तो. आत हवेचे बारीक बारीक बुडबुडे असतात. पाय पडला की तो दबतो, उचलला की फुगतो. नवी गादी आणि दहा वर्षं अंगाखाली आलेली गादी यांत जो फरक, तोच नव्या आणि जुन्या बुटात. पाचशे ते आठशे किलोमीटर झाले की हा थर बसतो, पुन्हा पुरता फुगत नाही. रोज चार किलोमीटर, आठवड्याचे सहा दिवस, असा हिशेब केला तर पाच महिन्यांत पाचशे भरतात. म्हणजे तुमच्या मुलाचे जे जुने बूट मुलीच्या पायात आहेत, ते वरून धडधाकट दिसत असतील, पण आतून संपलेले आहेत. खात्री करायची तर बूट पाटावर ठेवा आणि मागून बघा. टाच एका अंगाला कललेली दिसेल. मधल्या थराला आडव्या सुरकुत्या पडलेल्या असतील, आणि अंगठ्यानं दाबलं तर तो लवणार नाही.

त्यात माप मोठं. आत पाय मागेपुढे घसरतो, तो घसरू नये म्हणून पोरगी बोटं आवळून पळते. मग तळवा आणि पोटरी दोन्ही ताठ. बोळा कोंबून बूट बसतो, पाय बसत नाही.

आता मुलाची गोष्ट. तो म्हणतो, एकच जोड दोन्हीला चालेल. त्याला म्हणावं, एक प्रयोग कर. घरातली जाड गादी अंगणात टाक, तीवर उभा राहा आणि पन्नास किलोचं पोतं पाठीवर घे. मग तेच पोतं शेणानं सारवलेल्या घट्ट जमिनीवर उभं राहून घे. गादीवर घोटे डुगडुगतील, गुडघे आत वळतील, कमरेला झोल जाईल. पळायच्या मऊ बुटात वजन उचलणं म्हणजे गादीवर उभं राहून पोतं घेणं. जो मऊपणा पळताना नडगी वाचवतो, तोच वजनाखाली दगा देतो. खांद्यावर लोखंडी दांडा आणि त्याला दोन्हीकडे चकत्या असल्या, की पायाखाली घट्ट, सपाट, न दबणारं काहीतरी हवं. शिवाय रोज वजनाखाली दाबले तर पळायचे बूट लवकर बसतात, ते वेगळंच.

म्हणजे पळायला मऊ हवं आणि वजनाला टणक हवं. दोन्हीला चालतील म्हणून दुकानदार जे दाखवतो, ते धड इकडचे नसतात, धड तिकडचे नसतात. थोडं पळून थोडं वजन करणाऱ्या हौशी माणसाला चालून जातील. भरतीच्या पोराला नाही.

मग काय, दोन भारी जोड घ्यायचे? मुळीच नाही. वजनाच्या बुटाचं काम अगदी स्वस्तात होतं. शाळेच्या कवायतीला घालायचो ते सपाट रबरी तळाचे कापडी बूट आठवा. दोनशे-चारशे रुपयांत मिळतात. तळ पातळ, न दबणारा, टाच आणि चवडा एका पातळीत. बैठकांना, जमिनीवरून दांडा उचलायला, गोळ्याच्या सरावाला याहून जास्त काही लागत नाही. आपल्या तालमीत पिढ्यान् पिढ्या पैलवानांनी अनवाणी बैठका मारल्या आहेत. पायाची दहाही बोटं जमिनीला धरतात, त्यासारखा आधार नाही. मात्र जिममध्ये अनवाणी चालत नसेल तर वाद घालू नका, कापडी बूट घाला. आणि चकती पायावर पडली तर कापडी काय नि भारी काय, कुठलाही बूट वाचवत नाही. दांड्याच्या टोकाला चाप लावलाय का ते बघणं हाच तिथला इलाज.

वजन उचलण्याचे खास बूटही असतात, नाही असं नाही. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरनं 55 किलो गटात रौप्यपदक मिळवलं. त्या खेळात बूट सक्तीचेच आहेत. तळ कठीण, टाच दोनेक सेंटिमीटर उंच, वरून आवळायला पट्टा. टाच उंच असली की छाती वर ठेवून खोल बसता येतं, कारण घोट्याला कमी वाकावं लागतं. ज्याचा घोटा आखडलाय त्याला याचा उपयोग. पण जो मुलगा उकिडवा बसून जेवतो, खुरपणीला तासन् तास उकिडवा असतो, त्याचा घोटा शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्या पोरापेक्षा चांगला वाकतो. टाचा जमिनीला टेकवून तुमचा मुलगा पाच मिनिटं उकिडवा बसू शकतो का ते बघा. बसत असेल तर हा खर्च त्याच्यासाठी नाही.

तेव्हा ताई, माझं मत सरळ सांगतो, मुलाला आवडो न आवडो. वजनासाठी त्याला कापडी जोड घ्या. उरलेल्या पैशातून पळायचे पहिले बूट मुलीला घ्या, तिच्या मापाचे, नवे. नडग्या तिच्या दुखताहेत. मुलानं आपले जुने बूट फक्त पळायला वापरावेत, मातीच्या वाटेवर, आणि पुढच्या दुधाच्या पैशात त्याचा नंबर. भावाचं जुनं बहिणीला हा आपल्या घरांतला रिवाज सदऱ्याला ठीक आहे, पळायच्या बुटाला नाही.

आता मुलीचे बूट घेताना काय बघायचं. एक म्हणजे मुलीला घेऊन दुकानात जा. मैत्रिणीचं माप सांगून किंवा मोबाइलवरून मागवून होत नाही. जाणं जमतच नसेल तर वर्तमानपत्रावर तिला उभं करून दोन्ही पायांची रेघ काढा आणि तो कागद न्या. दोन्ही पाय बहुधा सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप धरायचं. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि पळतानाही सुजतात. ज्या मोज्यांत पळणार तेच मोजे घालून बघावेत. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. टाच मात्र मुळीच उचलली जाता कामा नये.

रुंदीकडे तर जास्त लक्ष द्या. लहानपणापासून अनवाणी वावरलेल्यांचा पाय चवड्याशी पसरट असतो, आणि बूट पुष्कळदा निमुळते. करंगळी दाबली जात असेल तर “वापरून सैल होतील” हे दुकानदाराचं म्हणणं ऐकू नका. रुंद बूट मुलींच्या मापात मिळाला नाही तर मुलांच्या लहान मापात बघा, टाच घट्ट बसली म्हणजे झालं. नाडीसाठी सर्वांत वर एक जादा भोक असतं, त्यातून नाडी ओवून आवळली की टाच जागची हलत नाही.

मग बूट हातात घेऊन वाकवा. जिथे पायाची बोटं वाकतात तिथेच तो वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर परत ठेवा. टाचेचा मागचा भाग बोटांनी दाबून बघा, कडक हवा. आणि दुकानाबाहेर रस्त्यावर शंभर पावलं पळू द्या म्हणावं. नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

ओला पाय फरशीवर ठेवून ठसा बघायचा आणि त्यावरून बूट ठरवायचे, असं हल्ली मुलं एकमेकांना सांगतात. 2010 च्या सुमारास अमेरिकेच्या सैन्यदलांत नव्या जवानांवर हे तपासून पाहिलं. ठशाप्रमाणे बूट दिले आणि सर्वांना एकसारखे दिले, तरी दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा ठशापेक्षा मुलीला विचारा, पायाला सुखाचे वाटतात का?

नावाच्या मागे लागू नका. आठवडी बाजारात मोठ्या कंपनीच्या खुणेचे बूट पाचशेला मिळतात, त्यांत मऊ थर पाहिजे तसा नसतो आणि पहिल्या पावसात तळ सुटतो. त्यापेक्षा बिननावाचे पण अस्सल, हजार-दीड हजाराचे परवडले. कार्बनची पट्टी घातलेले दहा-वीस हजारांचे बूट असतात ते मॅरेथॉनवाल्यांसाठी, आपण सोडून देऊ. खिळ्यांचे बूट घेण्याआधी भरतीच्या जाहिरातीत आणि मैदानावर त्यांना परवानगी आहे का ते विचारा.

न बसणाऱ्या बुटापेक्षा पाय बरा, हे 1960 साली इथिओपियाच्या अबेबे बिकिलानं रोमला दाखवलं. मिळालेले बूट पायाला बसेनात, म्हणून तो सवयीप्रमाणे अनवाणी मॅरेथॉन पळाला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. पण चार वर्षांनी टोकियोला तोच बूट घालून पळाला आणि पुन्हा जिंकला. ही गोष्ट सांगून पोरांना अनवाणी डांबरावर पिटाळणारे लोक तिचा हा दुसरा भाग सांगत नाहीत.

नवे बूट चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत. निदान तीन आठवडे आधी घ्यावेत आणि पहिले काही दिवस थोडंथोडं पळावं, नाहीतर फोड ठरलेले. ते घालून धारा काढायला, शेतात किंवा कॉलेजला जायचं नाही. भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवा. चुलीपाशी किंवा भर उन्हात ठेवले की मऊ थर आकसतो आणि डिंक सुटतो.

आता नडग्या. बूट बदलले की सगळं जाईल असं मी म्हणणार नाही. बहुतेक वेळा पळणं एकदम वाढवल्यानं नडग्या धरतात. दोन आठवडे पळणं निम्म्यावर आणा, डांबर सोडून मातीवर पळू द्या. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर दुखत असेल तर विश्रांतीनं बहुधा उतरतं. पण बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, रात्री निजल्यावरही ठणकत असेल, तर तेल चोळू नका आणि पळवू नका. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. हाडांच्या डॉक्टरला दाखवा.

आणखी एक, हे आईनंच विचारावं असं आहे. पोरगी पोटभर जेवते का? वजन वाढेल म्हणून भाकरी टाळते का? पाळी वेळेवर येते का? भरपूर पळणं आणि कमी खाणं एकत्र आलं की पाळी चुकते आणि हाडं कच्ची होतात. तुमच्या घरी दोन म्हशी आहेत. डेअरीला घालण्याआधी एक पेला तिचा काढून ठेवा.

तुम्ही हेही विचारलंय की मुलीच्या पायातले ते जुने बूट पुढे कशाला वापरावेत. नुसत्या चालण्याला त्यांना काही झालेलं नाही. ज्यांच्या पायाला बसतील त्यांनी घालावेत, सकाळी डेअरीवर दूध घालायला जाताना.