आदिमानवाचे चित्र आणि त्याचा आधार

शालेय पुस्तकात आदिमानवाचा धडा असला, की त्याच्या शेजारी बहुधा एक चित्र असते : गुहेचे तोंड, पाठीत वाकलेला केसाळ पुरुष, हातात सोटा. धडा विस्मरणात जातो. चित्र मात्र जन्मभर मनात राहते. म्हणूनच त्यातील किती भाग हाडांच्या आधाराने काढला आणि किती कल्पनेने, हा प्रश्न क्षुल्लक मानता येत नाही.

१९०८ साली फ्रान्समधील ला शापेल-ओ-सँ या गावाजवळ एका गुहेत निअँडरथाल पुरुषाचा सांगाडा सापडला. बहुतेक दात गळालेला, उतारवयाचा असा तो पुरुष होता. दुसऱ्याच वर्षी फ्रांतिशेक कुप्का यांनी काढलेले त्याचे चित्र पॅरिस व लंडन येथील साप्ताहिकांत झळकले. ते पाहून वाटावे, की एखादे हिंस्र जनावरच दोन पायांवर उभे राहिले आहे. पुढे १९११ साली, शरीररचनाशास्त्रज्ञ आर्थर कीथ यांच्या सल्ल्याने, आमेदे फॉरेस्टिए यांनी लंडनच्या त्याच साप्ताहिकासाठी दुसरे चित्र केले. त्यात हाच पुरुष शेकोटीपाशी शांतपणे बसला आहे. सांगाडा तोच होता. पालटली होती ती पाहणाऱ्यांची दृष्टी.

पहिल्या चित्राला लवकरच विद्वत्तेचे पाठबळ मिळाले. मार्सेलँ बूल यांनी आपल्या विस्तृत प्रबंधात हा मानव गुडघ्यांत वाकून चालणारा म्हणून वर्णिला. १९५७ साली स्ट्रॉस व केव्ह यांनी तोच सांगाडा पुन्हा तपासला, तेव्हा त्याच्या मणक्यांत संधिवाताच्या खुणा स्पष्ट दिसल्या. एका व्याधिग्रस्त देहावरून अखिल जातीचे चित्र रंगविले गेले होते! आज आफ्रिकेबाहेरील मानवांच्या आनुवंशिक द्रव्यात सुमारे एक ते दोन टक्के अंश निअँडरथालांचा असल्याचे ज्ञात आहे. तरी सोट्याचे चित्र काही पुसले गेलेले नाही.

तेव्हा अशी चित्रे काढूच नयेत काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. नुसती कवटी पाहून मुलाला माणूस दिसत नाही. परंतु अंगावरचे केस, ओठांची ठेवण, चेहऱ्यावरील भाव यांविषयी हाडे मूक असतात. स्त्री गुहेतच बसे आणि पुरुष शिकारीस जाई, हेही सांगाडा सांगत नाही; ती बहुधा चित्रकाराच्या स्वतःच्या घरची व्यवस्था असते. चित्राखाली एवढीच ओळ छापावी : ‘कवटी व हाडे प्रत्यक्ष सापडलेली, केस, त्वचा व मुद्रा कल्पित.’ त्यासाठी अर्धा इंच जागा पुरे.