पेटाफ्लॉप्सचा गजर आणि जाळ्याविषयीचे मौन

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. खर्च सुमारे १३० कोटी रुपये. ‘स्वदेशी’ या शब्दाचा यथेच्छ उच्चार झाला. यंत्रांतील प्रोसेसरांना परस्परांशी बोलते करणारे जाळे कोणाचे, हे विचारण्याची तसदी मात्र फारशी कोणी घेतली नाही.

महासंगणक म्हणजे प्रोसेसरांची रास नव्हे. हवामानाचे गणित करताना शेजाऱ्याकडील आकडे हाती येईपर्यंत प्रत्येक प्रोसेसरला थांबावे लागते आणि तेवढा वेळ त्याचा वेग कागदावरच राहतो. ६४ प्रोसेसर एका कड्यात गुंफले, तर सर्वांत दूरच्या प्रोसेसरपर्यंत निरोप जायला ३२ टप्पे लागतात. तेच आठ गुणिले आठच्या, समोरासमोरच्या कडा जोडलेल्या जाळीत मांडले, तर आठच. प्रोसेसर तेच, संख्या तीच. बदलते ती केवळ वीण.

ही वीण भारताला अपरिचित नव्हती. १९९१ च्या ‘परम ८०००’मधील ट्रान्सप्युटर परदेशी होते, प्रत्येकाला जोडण्या चारच होत्या, त्यांतून एकसंध यंत्र उभे करण्याची बुद्धी पुण्याच्या सी-डॅकची होती. पुढे ‘परम पद्म’ स्वतःच्या ‘परमनेट’ जाळ्यासह २००३ मध्ये जगातील पहिल्या पाचशेंत गेला. २०२० मध्ये ‘परम सिद्धी’ने ६३ वा क्रमांक मिळवला, तो मात्र मेलानॉक्सच्या इन्फिनिबँड जाळ्यावर. त्याच वर्षी एनव्हिडियाने मेलानॉक्स विकत घेतली. गणन करणारी चिप आणि तिला जोडणारे जाळे, दोहोंची किल्ली एकाच विक्रेत्याच्या कनवटीला गेली.

‘बाजारात मिळते ते घडवावे कशाला?’ हा युक्तिवाद व्यवहारी वाटतो, पण तो विस्मरणावर उभा आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेने क्रे महासंगणक देताना घातलेल्या अडवणुकीतूनच १९८८ मध्ये सी-डॅक जन्मली. जपानने ‘टोफू’ हे सहा मितींचे जाळे स्वतः घडवले आणि त्यावरचा ‘फुगाकू’ २०२० मध्ये जगात पहिला आला. त्याच फुगाकूने लिनपॅक कसोटीत ४४२ पेटाफ्लॉप्स गाठले. स्मृती व संदेशवहन यांची खरी झाडाझडती घेणाऱ्या एचपीसीजी कसोटीत अवघे १६. तरीही ही दुसरी यादी त्याने जिंकलीच. आपल्या घोषणांत मात्र हा दुसरा आकडा सहसा आढळत नाही.

२०१५ मध्ये ४,५०० कोटींचे राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर झाले. सी-डॅकचे ‘त्रिनेत्र’ जाळे त्याच अभियानात आकार घेत आहे. त्याची परीक्षा मोठ्या, रोजच्या राबत्या यंत्रांवरच होऊ शकते. ती संधी त्याला मिळालीच पाहिजे. प्रत्येक नव्या यंत्राबरोबर त्याच्या जाळ्याची रचना, त्याचा निर्माता आणि एचपीसीजीचा आकडा जाहीर करणे बंधनकारक व्हावे. धागा दुसऱ्याचा असेल तर एक वेळ चालेल. मागही दुसऱ्याचाच असेल, तर त्या वस्त्राला स्वदेशी म्हणणे ही आत्मवंचना आहे.